आरसी एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याच्या हातात: सोलापुरातील एका दुचाकी अपघाताचे विमा-प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर शहरातील आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे, अपघाताचा नेमका रस्ता, विमा कंपनी आणि भरपाईच्या रकमा येथे दिलेल्या नाहीत. प्रस्तुत लेखकाकडे दोन्ही कुटुंबांना कागदपत्रे वाचून समजावून देण्याचे आणि वकिलांसाठी त्यांची जुळणी करण्याचे काम होते.

जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका लेखनिकाकडे १२५ सीसीची मोटारसायकल होती. तिची नोंदणी २०१६ सालची, एमएच १३ मालिकेतील. सुरुवातीची काही वर्षे तिचा पॅकेज विमा, म्हणजे बोलीभाषेतला ‘फुल इन्शुरन्स’, उतरवला जात असे. गाडी जुनी होत गेली तसे ‘आता एवढे पैसे कशाला भरायचे’ या विचाराने लेखनिकाने फक्त थर्ड पार्टी विमा घेण्यास सुरुवात केली. २०२२ च्या अधिसूचनेनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी या विम्याचा वार्षिक मूळ हप्ता ७१४ रुपये होता. त्यावर जीएसटी आणि मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचा वेगळा हप्ता धरला, तरी पॅकेज विम्यापेक्षा खर्च कमी येत होता. जानेवारी २०२४ मध्ये अशाच पॉलिसीचे नूतनीकरण झाले आणि तिची मुदत जानेवारी २०२५ पर्यंत होती.

गुढीपाडव्याच्या सुमारास, एप्रिल २०२४ मध्ये, त्याने ही गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारा कामगार, म्हणून काम करणाऱ्या गृहस्थाला रोखीने विकली. व्यवहार नेहमीच्या पद्धतीने झाला. विक्रेत्याने टीटी फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, सह्या करून दिल्या, आरसी आणि पॉलिसीचा कागद हवाली केला, आणि तारीख, रक्कम व दोघांच्या सह्या असलेली एक पावती लिहिली गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार, व्यवहार त्याच राज्यातला असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. विक्रेत्याला वाटले की सह्या दिल्या, आपले काम संपले. जॉबर गाडी नावावर करण्याचे पुढच्या महिन्यावर ढकलत राहिला. सात महिने असेच गेले.

घटना

नोव्हेंबर २०२४ मधील एका संध्याकाळी पाळी संपल्यावर जॉबर आपल्या मेहुण्याला मागे बसवून पूर्व भागातील घराकडे निघाला होता. मेहुणाही यंत्रमागावरच काम करणारा. रस्त्याचा एक भाग खोदलेला होता. तो चुकवण्यासाठी गाडी बाजूला घेताना, कडेने पायी चाललेल्या एका महिलेला धडक बसली आणि गाडी घसरली. पन्नाशी ओलांडलेल्या या महिला विडी कामगार होत्या. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. मेहुण्याचे उजवे मनगट मोडले आणि जॉबरला खरचटण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. लोकांनी रिक्षा थांबवून तिघांनाही शासकीय रुग्णालयात, सोलापूरकरांच्या भाषेत ‘सिव्हिल’मध्ये, नेले. तेथील अपघात विभागाच्या नोंदवहीत मेहुण्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले की तो दुचाकीवर मागे बसला होता. या एका ओळीचे महत्त्व त्या क्षणी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

उभे राहिलेले प्रश्न

रात्री रुग्णालयाच्या आवारात जमलेल्या नातेवाइकांपुढे मुख्य प्रश्न असा होता की पॉलिसी आहे, परंतु ती ज्याच्या नावावर आहे तो माणूस गाडीचा मालक उरलेला नाही, आणि जो गाडी चालवत होता त्याचे नाव एकाही कागदावर नाही. मग ही पॉलिसी चालणार की नाही? बहुतेकांचे मत ‘नाही चालणार’ असेच होते. पुढचे सर्व चुकीचे सल्ले या समजुतीतून निघाले, म्हणून कायदा काय सांगतो ते आधी नोंदवणे आवश्यक आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी तिऱ्हाइताच्या जोखमीचा, म्हणजेच थर्ड पार्टी, विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही सक्ती मालकाच्या नव्हे, रस्त्यावरच्या माणसाच्या संरक्षणासाठी आहे, आणि म्हणूनच कलम १५७ मध्ये अशी तरतूद आहे की मालकाने वाहन हस्तांतरित केले तर विमा प्रमाणपत्र आणि पॉलिसीही त्या तारखेपासून नव्या मालकाकडे गेली असे मानले जाते. नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो हे खरे. परंतु तो केला नाही म्हणून धडक बसलेल्या पादचाऱ्याचा हक्क बुडत नाही. दुसऱ्या बाजूने, नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच या कायद्याच्या अर्थाने मालक. गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाला टाळता येत नाही.

याचा या प्रकरणातील अर्थ असा की महिलेच्या भरपाईसाठी विमा कंपनी बांधील होती. मेहुण्याचे काय, हा प्रश्न मात्र पूर्णपणे वेगळा होता आणि त्याचे उत्तर कुटुंबाला कटू वाटणारे होते. दुचाकीवर मागे बसलेला माणूस केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या विम्यात तिऱ्हाईत धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाचे २००६ आणि २००८ मधील निर्णय तसे आहेत. पॅकेज पॉलिसी असती तर चित्र बदलले असते, कारण विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाद्वारे कंपन्यांना कळवले होते की पॅकेज पॉलिसीत मागे बसणाऱ्याची जबाबदारी अंतर्भूत आहे, आणि २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच फरक अधोरेखित केला. लेखनिकाने हप्ता कमी करण्यासाठी जे संरक्षण सोडले, त्यात नेमके हेच होते. मात्र ते सोडताना त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि गाडी घेताना जॉबरने विचारलेही नव्हते.

उरलेल्या दोन बाबी थोडक्यात सांगता येतील. गाडीच्या नुकसानीचा खर्च थर्ड पार्टी विम्यातून मिळत नाही. मालक-चालकाचे १५ लाखांचे संरक्षण लेखनिकाच्या नावे होते. ते वैध परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकालाच लागू होते, त्यामुळे जॉबरचा जीव गेला असता तरी त्याच्या घरच्यांना त्यातून काही मिळाले नसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय त्या रात्रीच पुढे आला: प्रकरण पोलिसांत न नेता मिटवून घ्यावे, महिलेच्या औषधोपचाराचा खर्च जॉबरने द्यावा आणि मुद्रांक कागदावर ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून घ्यावे. हे सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना दोन्ही घरे वाचवायची होती. परंतु मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर किती महिने उठता येणार नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का, काम पूर्वीसारखे जमेल का, यांपैकी काहीही ठाऊक नसताना ठरवलेली रक्कम महिलेवर अन्याय करणारी ठरली असती. जॉबरच्या बाजूनेही धोका होता, कारण पॉलिसीच्या छापील अटींमध्ये असे असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाच्या वतीने कोणतीही कबुली, देकार किंवा पैशाचे वचन देऊ नये. जखमीला रुग्णालयात नेणे आणि तातडीची मदत करणे यात ही अट आड येत नाही. कलम १३४ नुसार ते चालकाचे कर्तव्यच आहे, आणि त्याच कलमानुसार २४ तासांच्या आत पोलिसांना माहिती द्यावी लागते आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे लागते.

दुसरा पर्याय लेखनिकाला त्याच्या परिचितांनी सुचवला. पोलिसांनी नोंदणीकृत मालक म्हणून त्याला बोलावले तेव्हा तो साहजिकच घाबरला होता. सात महिन्यांपूर्वीच्या तारखेचा, नोटरीच्या सहीचा नवा करारनामा तयार करावा, म्हणजे आपण यातून सुटू, असा तो सल्ला होता. हा खोटा दस्तऐवज ठरला असता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने काही साधलेही नसते. विक्री खरी होती यावर वादच नव्हता. आरटीओतील नोंद बदललेली नव्हती हा अडचणीचा मुद्दा होता, आणि ती नोंद कोणताही नोटरी मागील तारखेने बदलू शकत नाही.

तिसऱ्या पर्यायावर सर्वांत जास्त वेळ गेला. मागे बसलेल्याला पॉलिसीतून काही मिळणार नाही हे कळल्यावर कुटुंबातील एका वडीलधाऱ्याने विचारले, मेहुणाही रस्त्याने चालत होता असे सांगितले तर काय बिघडते? धडक बसलेली माणसे दोन, एवढेच तर दाखवायचे. विचारणाऱ्याला यात लबाडी वाटत नव्हती. ज्याचे मनगट मोडले आहे आणि ज्याला तीन महिने मागावर उभे राहता येणार नाही त्याला काहीच मिळू नये, हा त्याच्या दृष्टीने अन्याय होता, आणि ती वेदना खोटी नव्हती. परंतु असे निवेदन केले असते तर ते भरपाईचे दावे ऐकणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील खोटा पुरावा ठरले असते. शिवाय रुग्णालयाच्या नोंदीत पहिल्याच रात्री खरे ते लिहिले गेले होते. विमा कंपनीचा तपासनीस सर्वप्रथम तीच नोंदवही मागतो. तेथे विसंगती सापडताच कंपनीने संपूर्ण अपघातावरच संशय घेतला असता आणि जिचा दावा निर्विवाद होता त्या महिलेचे प्रकरणही त्यात अडकले असते. मेहुण्याने स्वतःच हा विषय संपवला. “दाजी, त्या बाईंचं आपल्यामुळं अडायला नको,” एवढेच तो म्हणाला.

घेतलेले निर्णय आणि कृती

दुसऱ्या दिवशी सकाळी जॉबर स्वतः पोलीस ठाण्यात गेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा नोंदवला गेला. त्याचा वाहन परवाना वैध होता, आणि ही बाब पुढे निर्णायक ठरली, कारण परवाना नसता किंवा मुदत संपलेली असती तर विमा कंपनीने महिलेला भरपाई देऊनही ती रक्कम मालक व चालकाकडून वसूल करण्याची मुभा मागितली असती. २००४ च्या स्वर्णसिंह निकालापासून ‘आधी द्या, मग वसूल करा’ हा मार्ग न्यायाधिकरणे वापरत आली आहेत.

लेखनिकाने कलम १३३ खालील आपल्या कर्तव्यानुसार गाडी कोणाला विकली आणि ती कोणाच्या ताब्यात होती हे मूळ पावतीसह लेखी दिले, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला अपघाताची सूचना पाठवली. पॉलिसी त्याच्या नावे असल्यामुळे ही सूचना त्याच्याकडून जाणे अधिक योग्य होते. हा निर्णय घेणे त्याला जड गेले, कारण स्वतःला यातून वेगळे करण्याची त्याची इच्छा होती आणि सूचना पाठवणे म्हणजे पुन्हा त्यात गुंतणे असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात कंपनीला वेळेवर कळवणे हेच त्याचे स्वतःचे संरक्षण होते. गाडी सोडवण्यासाठीचा अर्जही त्यालाच करावा लागला. विमा वैध असल्याने आरटीओच्या निरीक्षकाने तपासणी केल्यानंतर गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे गरज पडल्यास ती पुन्हा हजर करण्याच्या हमीपत्रावर, मिळाली. विमा नसता तर पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सुटली नसती.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि न्यायाधिकरण त्यालाच भरपाईचा अर्ज मानू शकते. तरीही महिलेच्या वकिलांनी त्यावर विसंबून न राहता कलम १६६ खाली स्वतंत्र अर्ज सहा महिन्यांच्या मुदतीच्या बऱ्याच आधी दाखल केला. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मागण्याचा मार्गही खुला होता. तो सोपा होता, परंतु रक्कम ठरावीक असल्याने आणि महिलेचे नुकसान त्याहून मोठे असण्याची शक्यता दिसत असल्याने तो सोडला. हा निर्णय योग्य होता असे लेखकाचे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण विडी वळण्याच्या कामात आहे.

विडी वळणारी स्त्री जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन, तासन्‌तास पाने कातरते आणि विड्या वळते. तिचे हात शाबूत आहेत म्हणून तिची कमाई शाबूत आहे, असा निष्कर्ष कागदावरून सहज निघतो आणि विमा कंपनीच्या पहिल्या उत्तरात तो निघालाही होता. मांडीचे हाड जुळल्यानंतरही त्यांना मांडी घालून बसता येत नव्हते. खुर्चीवर बसून सूप धरता येत नाही. शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रातील अपंगत्वाची टक्केवारी मर्यादित होती, परंतु राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालानुसार न्यायाधिकरणाने शरीराच्या टक्केवारीपेक्षा त्या व्यक्तीच्या विशिष्ट कामावर झालेला परिणाम पाहायचा असतो. वकिलांनी हेच मांडले. उत्पन्नाचा पुरावा म्हणून विडी कामगाराचे ओळखपत्र, कारखान्याच्या शाखेतील दररोजच्या विड्यांची नोंद आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशेब सादर झाला. असंघटित म्हणवल्या जाणाऱ्या अनेक कामगारांकडे कोणताही कागद नसतो. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांकडे तो असतो, आणि ही दीर्घ कामगार चळवळीची कमाई आहे. वयोगट ५१ ते ५५ असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील ११ हा गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाच्या नुकसानीला ज्याने गुणून भरपाई काढतात तो आकडा, लागू झाला.

विमा कंपनीने लेखी उत्तरात विक्रीचा मुद्दा उपस्थित केला: विमाधारकाने गाडी विकली आहे, नव्या मालकाशी आमचा करार नाही. त्यावर कलम १५७ आणि २०१८ चा निकाल दाखवल्यानंतर हा बचाव फार काळ टिकला नाही.

निष्पत्ती

महिलेचा दावा पुढील वर्षातील एका राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीने निकाली निघाला. सुनावणी पूर्ण झाली असती तर कदाचित थोडी अधिक रक्कम मिळाली असती. परंतु दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते आणि अपिलाची टांगती तलवार नको होती, म्हणून त्यांनी विचारपूर्वक तडजोड स्वीकारली. रकमेचा काही भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवण्यात आला. जॉबर किंवा लेखनिक यांच्या खिशातून या भरपाईसाठी काहीही गेले नाही, आणि वसुलीचा आदेशही झाला नाही. चालकावरील फौजदारी खटला स्वतंत्रपणे चालू राहिला. विमा भरपाईची जबाबदारी उचलतो, शिक्षेची नाही.

मेहुण्याला विम्यातून काहीही मिळाले नाही. कायद्याने त्याला चालकाविरुद्ध आणि नोंदणीकृत मालकाविरुद्ध दावा करता आला असता, म्हणजे एका बाजूला बहिणीचा नवरा आणि दुसऱ्या बाजूला ज्याला तो कधी भेटलाही नाही असा लेखनिक. त्याने दावा केला नाही. जॉबरने कारखान्याच्या मालकाकडून उचल घेऊन त्याच्या घरखर्चाला हातभार लावला आणि ती उचल पुढे अनेक महिने त्याच्या मजुरीतून कापली जात होती. लेखनिकाला मात्र पहिल्यांदाच उमगले की मेहुण्याने दावा केला असता तर विकून टाकलेल्या गाडीसाठी त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी आली असती आणि त्या वेळी कोणतीही कंपनी त्याच्या मागे उभी नसती.

वेगळे काय करता आले असते

विक्रीच्या दिवशी दोघांनी मिळून हस्तांतराचा अर्ज भरला असता तर लेखनिक या प्रकरणात आलाच नसता. सही केलेले टीटी फॉर्म खरेदीदाराच्या हाती देऊन निघून येण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि तीत सर्व धोका विक्रेत्याच्या बाजूला राहतो, हे विक्रेत्यांना ठाऊक नसते. किमान कलम ५० नुसारची आपल्या बाजूची सूचना त्याने दिली असती, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत ठेवली असती आणि विमा कंपनीला विक्री कळवली असती, तरी त्याची बाजू बरीच भक्कम झाली असती. अर्थात नोंद बदलेपर्यंत मालक तोच राहिला असता, हेही तितकेच खरे.

जॉबरच्या बाजूने खरा निर्णयक्षण अपघाताचा नव्हे, गाडी घेण्याचा होता. त्याने पॉलिसीची मुदत पाहिली, प्रकार पाहिला नाही. तो रोज कोणाला ना कोणाला मागे बसवून नेत होता: पत्नीला, मुलांना, मेहुण्याला. ज्याच्या गाडीची मागची सीट क्वचितच रिकामी असते त्याने पॅकेज पॉलिसी घ्यावी, किंवा निदान मागे बसणाऱ्यासाठी वैयक्तिक अपघाताचे जादा संरक्षण जोडून मागावे. हे संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरते असते, त्यामुळे मोडलेल्या मनगटासारख्या दुखापतीत त्याचा उपयोग झालाच असता असे नाही, आणि म्हणून लेखकाचा कल पॅकेज पॉलिसीकडे आहे. जुन्या गाडीची किंमत कमी झाली म्हणून पॅकेज विमा निरर्थक ठरतो, हा हिशेब फक्त लोखंडाचा आहे. मागे बसणाऱ्या माणसाची जबाबदारी गाडीच्या वयाबरोबर कमी होत नाही.

पॉलिसी विकणाऱ्यांची जबाबदारीही येथे येते. नूतनीकरणाच्या वेळी विमा प्रतिनिधीने ‘थर्ड पार्टी की फुल?’ एवढेच विचारले आणि हप्त्यातील फरक सांगितला. ‘थर्ड पार्टीत मागे बसलेला येत नाही’ हे वाक्य उच्चारायला पाच सेकंदही लागत नाहीत, आणि ते प्रत्येक दुचाकीधारकाला सांगितले गेले पाहिजे.

पॉलिसीची मुदत संपण्यापूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, विलंब शुल्क भरून गाडी जॉबरच्या नावावर झाली. त्यानंतर त्याने स्वतःच्या नावे पॅकेज पॉलिसी घेतली आणि मालक-चालकाचे १५ लाखांचे संरक्षणही आपल्या नावे करून घेतले. त्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याने मागे बसणाऱ्याविषयीचे कलम प्रतिनिधीला दाखवायला सांगितले, आणि ते सापडेपर्यंत पैसे दिले नाहीत.